जलनंदीच्या कपाळावरचा कॅमेरा

खुशालरावांच्या संत्र्याच्या बागेत त्या सकाळी झाडांपेक्षा माणसं जास्त होती. २०१९चा मे महिना. बागेतल्या निम्म्या झाडांची पानं वळून गेली होती, विहिरीच्या तळाशी बादली बुडेल इतकंही पाणी उरलं नव्हतं, आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं आमचं अख्खं बोरखडी गाव बैलाची वाट पाहत उन्हात उभं होतं. बैल साधासुधा नव्हता. तो जलनंदी होता. जमिनीखालचं पाणी त्याला दिसतं, अशी त्याची अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ख्याती होती.

हा पाताळदर्शी नंदी छोट्या टेम्पोतून आला. अंगावर कवड्यांची झूल, शिंगांना घुंगरं, कपाळावर आरशांचं बाशिंग. बायकांनी पायांवर पाणी घातलं, ते बिचाऱ्यानं वाकून चाटायचा प्रयत्न केला. मागोमाग ओलगिरी महाराज उतरले. भगवी लुंगी, गळ्यात शंख आणि आवाज असा की भोंगा लावायची गरज नाही.

"पाताळात सात नद्या हायेत, सात!" महाराज सुरू झाले. "साती नद्यांच्या किल्ल्या या नंदीच्या खुरात हायेत. मशिनीले नाही दिसत, मोठमोठ्या सायबाले नाही दिसत, थे या मुक्या जीवाले दिसते! नंदी थांबन, मान खाली घालन, पाताळाले कान लावन. थ्याच घडीले सगळ्यायनं डोक्स मातीले टेकवाचं अन् डोळे मिटाचे. शंख वाजेपर्यंत जो कोनी डोळा उघडन, त्याच्या घरची हीर आटली म्हनून समजा!"

गावातल्या सगळ्याच विहिरी आधीच आटलेल्या होत्या. तरी लोक घाबरले.

मीही त्या गर्दीत होतो. माझं नाव भगवंत, हा दोष आईबापांचा. मी एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. गाव मला डॉक्टर म्हणतं, मी डॉक्टर नाही, पण बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून दात मोजलेला माणूस आहे. मला त्या नंदीत एकच गोष्ट दिसत होती. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. हा प्राणी उपाशी आहे, हे मी शेजारच्या नत्थुजींच्या कानात सांगितलं. नत्थुजी म्हणाले, "तपश्चर्या असन, डॉक्टर." मी गालातल्या गालात हसलो आणि गप्प बसलो. गर्दीत गप्प बसून घरी जाऊन हसायची कला मला चांगली साधलेली होती.

तेवढ्यात कोणीतरी वर बोट दाखवलं. बांधावरच्या निंबाच्या झाडावर इफ्फत बसली होती, कपाळाला पट्टा आणि पट्ट्यात काडेपेटीएवढा कॅमेरा.

इफ्फत ही गादीवाल्या जैनुद्दीनभाईंची मुलगी. तिचा भाऊ शाकीब नांदगावात लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवतो. नवरदेवाच्या घोडीच्या कपाळाला बांधायला म्हणून त्यानं हा चिमुकला कॅमेरा आणला. वरात घोडीला कशी दिसते, याचं म्हणे हल्ली लोकांना फार कौतुक. ज्या दिवशी लग्न नसेल त्या दिवशी कॅमेरा इफ्फतच्या ताब्यात. तो कपाळाला, छातीला, मनगटाला, नाहीतर मोपेडच्या हँडलला बांधून ही पोरगी नवी नवी साहसं करायची. साहसं म्हणजे काय, तर अमरावतीच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, पाण्याच्या टाकीवर चढणं, शेळीमागून काट्याकुपाट्यात शिरणं. एकदा तर तिनं आईच्या, बिस्मिल्लाबींच्या, कपाळाला कॅमेरा बांधून भाकरी थापण्याचं चित्रण केलं होतं.

"भाकरी थापण्यात कसलं आलं साहस?" मी तिला चिडवलं होतं.

"काका, तुमी एक डाव थापून पाहा, मंग बोलू," ती म्हणाली होती.

असो. तर जलनंदी निघाला. महाराज त्याच्या कानाशी तोंड नेऊन मंत्र पुटपुटत होते. आदल्या संध्याकाळी त्यांचा चेला मोटारसायकलवर येऊन बागेत गोमूत्र शिंपडून, भस्म टाकून जमीन शुद्ध करून गेला होता. त्यामुळे आज काम एका फेरीत होणार, अशी सगळ्यांची खात्री.

नंदी बागेच्या ईशान्य कोपऱ्यात गेला. तिथं त्यानं नाक फेंदारलं, मान खाली घातली. पुढच्या रांगेतल्या दहा-बाराजणांनी धाडदिशी लोटांगण घातलं. पण नंदीनं मान परत वर केली. मातीत फुरफुरला, दोनदा गोल फिरला, आणि मग जे निघाला ते कोणाला आवरेना. लोटांगण घातलेल्या सरपंचांच्या पाठीला वळसा घालून, बांध ओलांडून, महाराजांना दोरासकट ओढत तो थेट खुशालरावांच्या गोठ्यात शिरला. गाईच्या गव्हाणीत त्यानं तोंड घातलं ते डोळ्यांपर्यंत.

गोठ्यात खुशालरावांची सून कौशल्या झाडत होती. हातात खराटा, पदर खोचलेला. समोर बैल, बैलामागे महाराज, महाराजांमागे दोनशे माणसं.

महाराजांचा चेहरा क्षणभर उतरला. पण बोलून पोट भरणारा माणूस तो, दुसऱ्याच क्षणी सावरला.

"पाहा! पाहा माय-बापहो!" ते ओरडले. "बागेत पानी होतं. नंदीनं थे पाह्यलं. पन थे पानी तिथून निंगालं अन् नंदी त्याच्या मागं मागं इथवर आला. कोनापाशी आला? या बाईपाशी! हिनं वढलं पानी. हिच्या पायानं बाग वाळली!"

"महाराज, थे गव्हाणीत तं..." कौशल्या बोलायला लागली.

"चूप बस!" सासू चतुराबाई कडाडल्या. "महाराज बोलून राहिले, दिसत नाही तुले?"

"पन आत्याबाई, म्या सकाऊन..."

"चूप म्हनलं ना!"

दोनशे माणसांनी तिचा आवाज ऐकला. ती काय सांगते आहे, ते मात्र कोणीच ऐकलं नाही. त्या दोनशेंत मी होतो, हे लिहिताना आजही लाज वाटते.

महाराजांनी निकाल दिला. अकरा दिवस या बाईनं या शिवारात राहायचं नाही. माहेरी जावं. लेकरू इथंच राहील, कारण ते या घरचं रक्त. अकराव्या दिवशी नंदी पुन्हा येईल. नंदी बागेच्या त्याच कोपऱ्यात थांबला, म्हणजे दोष हिचाच होता हे सिद्ध. मग हिनं परत यायचं नाही. थांबला नाही, तर महाराज लुंगी सोडून शेती करतील. लोकांनी जयजयकार केला. कौशल्याची चार वर्षांची सीमा आईच्या पायाला धरून उभी होती, तिला चतुराबाईंनी उचलून आत नेलं. नवरा विपुल बैलाच्या घुंगरांकडे पाहत राहिला. तो वाईट माणूस नाही, पण बापासमोर त्याला तोंड फुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावांचा निरोप आला, गाय आजारी आहे. मी गेलो. गाय ढाळत होती आणि सारखं पाणी मागत होती. चतुराबाई दारातून म्हणाल्या, "गाईलेही नजर लागली, डॉक्टर. जाता जाता गोठ्यालेही सोडलं नाही तिनं."

मी गव्हाणीत हात घातला. तळाशी सरकीच्या ढेपेचा, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचा, चुरा चिकटलेला होता. गाय-बैल ढेपेसाठी जीव टाकतात, हे वऱ्हाडात पोराटोरालाही ठाऊक असतं. पण हा चुरा चिकट होता. जित्राबांच्या दवाखान्यात आयुष्य गेलं की माणसाला किळस राहत नाही. मी चिमूट जिभेवर ठेवली. गोड लागली, आणि मग खारट. गूळ आणि मीठ, तेही सढळ हातानं घातलेलं.

"खुशालराव, ढेपेत मीठ-गूळ कोण घालतं तुमच्याकडं?"

"आमच्याकडं? डॉक्टर, दोन महिने झाले ढेप आणली नाही घरी. परवडते कोनाले?"

कौशल्या ओसरीवर पिशवी भरून बसली होती. बाराच्या गाडीनं तिला अकोल्याला जायचं होतं, तिथून पुढं माहेरी. डोळे सुजलेले, पण आवाज शांत. ती म्हणाली, "काका, थे मले वावरात सापडली."

"काय सापडली?"

"ढेप. काल पहाटे बागेत गेली होती, तं थ्या कोपऱ्यात कोनाची तरी सांडलेली दिसली. चांगली दोन-तीन किलो. म्हनलं, कोनाच्या बैलबंडीतून पडली असन. मातीत कायले वाया जाऊ द्या? येचली, टोपल्यात भरली, गाईले घातली. गाईनं अर्धीच खाल्ली तेवढ्यात थो बैल आला."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. दुष्काळाच्या वर्षात जमिनीवर सांडलेली ढेप बोरखडीतली कुठलीही बाई वेचून घेणारच. चेल्यानं शुद्धीच्या नावाखाली ढेप पसरून आपलं काम चोख केलं होतं, फक्त या घरात काटकसरी सून पहाटे उठते, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. बैलाला जमिनीखालचं काही दिसत नव्हतं. त्याला जमिनीवरचं खाणं नाकानं कळत होतं. जिथं खाणं पेरलं तिथं तो थांबायचा. लोक डोळे मिटून मातीला डोकं लावायचे, तेवढ्यात तो सगळं चाटून साफ करायचा, आणि शंख वाजेपर्यंत पुरावा त्याच्या पोटात.

"हे तू काल का नाही सांगितलंस?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

ती पिशवीची गाठ घट्ट करत राहिली.

मी खुशालरावांना बाजूला घेऊन सगळं समजावलं. ते चिडले. "डॉक्टर, तुमी देव मानत नाही, तुमची गोठ वेगळी. पन्नास गावात थांबला नंदी. पन्नासाही जागी ढेप खायाले थांबला काय?"

"हो. पन्नासही जागी."

"अन् पानी लागलं थे?"

"किती जागी लागलं, तुम्ही मोजलंत? जिथं लागलं तिथला माणूस गावभर सांगत सुटतो. जिथं नाही लागलं, तिथल्याला महाराज सांगतात की श्रद्धा कमी पडली, मग तो तोंड लपवून बसतो. आणि नंदी थांबला की तिथं बोअर मारणारी मशीन कोणाची आहे? महाराजांच्या पुतण्याची."

"पुरावा दाखवा," खुशालराव म्हणाले. पुरावा गाईनं ढाळून टाकला होता. बाराची गाडी गेली.

त्या संध्याकाळी मी जैनुद्दीनभाईंच्या अंगणात बसलो होतो. इफ्फतनं झाडावरून केलेलं चित्रण मोबाइलवर दाखवलं. वरून सगळं दिसत होतं, झूल, आरसे, लोटांगणं. नेमकं बैलाचं तोंड तेवढं बाशिंगामागे झाकलेलं. गावातल्या आणखी पंचवीसजणांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. सगळ्यांचं तेच. प्रत्येकजण बैलाकडे पाहत होता. बैल कशाकडे पाहतो आहे, हे एकालाही दिसत नव्हतं.

"अकराव्या दिवशी आपन पहाटे जाऊन ढेप उचलून टाकू," इफ्फत म्हणाली. "बैल थांबनारच नाही."

"मग ते दुसऱ्या कोणत्या तरी बाईवर बोट ठेवतील. उद्या चार वर्षांच्या सीमेवर ठेवतील. त्यांचं काय जातं?"

कॅमेरा हातात फिरवत इफ्फत म्हणाली, "काका, घोडीच्या कपाळावर बांधतो तसा बैलाच्या कपाळावर बांधला तं?"

"महाराज बांधू देतील?"

"त्यायलेच इचारू ना."

आणि खरंच, आम्ही महाराजांनाच विचारलं. ते शेजारच्या गावी मुक्कामाला होते. इफ्फतनं डोक्यावर ओढणी नीट घेतली, हात जोडले आणि म्हणाली, "महाराज, नंदीच्या डोळ्यानं पाताळदर्शन, असा व्हिडिओ करावा म्हणते. जगात कोनीच केला नाही अजून."

महाराजांनी आधी तिचं नाव विचारलं. नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. नंदीच्या अंगाला परक्या हाताचा स्पर्श चालत नाही, म्हणाले. इफ्फत म्हणाली, "ठीक आहे महाराज. लाखभर लोकायनं पाह्यला असता, बस." लाख हा शब्द ऐकताच महाराजांना आठवलं की नंदीला जात नाही आणि धर्मही नाही. त्यांनी स्वतःच बाशिंगातला मधला आरसा काढून जागा करून दिली. कॅमेऱ्यात समोरची गर्दी आणि आपण दिसू, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. वर सूचना केली, "मी कानात मंत्र देतो थेही आलं पायजे."

"येईन ना महाराज. आवाज लय साफ येते याचा," इफ्फत म्हणाली.

एवढंच नाही, तर नंदी थांबल्यावर दुपारी शाळेतल्या मोठ्या टीव्हीवर गावाला दर्शन घडवावं आणि मग चार वाजता बोअर सुरू करावा, हा कार्यक्रमही महाराजांनीच ठरवला. मी फक्त मान डोलवत होतो. त्या दिवशी मला नंदीबैलाचं काम बरोबर जमलं.

अकरावा दिवस उजाडला. पहाटे मी बागेच्या कोपऱ्यात जाऊन पाहिलं. भस्माखाली ढेप होती, या वेळी दुप्पट. तिला हात न लावता परत आलो. हे सोपं नव्हतं. आपण चुकलो, कॅमेरा बंद पडला, किंवा बाशिंग सरकलं, तर कौशल्याच्या कपाळावरचा शिक्का कायमचा, आणि तो मारायला आपणच मदत केली असं होणार. सीमा तिकडे आजीच्या मांडीवर बसून रोज एकच प्रश्न विचारत होती, आई आज येते का.

पुन्हा मिरवणूक, पुन्हा शंख, पुन्हा सात नद्या. नंदी निघाला. महाराजांनी कानाशी तोंड नेलं. पन्नास गावांच्या सवयीत कपाळावरचा कॅमेरा ते विसरले असावेत. कोपऱ्यात येताच नंदी थांबला, मान खाली घातली. अख्खं गाव मातीत पालथं झालं. मीही झालो, डोळे उघडे ठेवले, पण मला समोरच्या माणसाच्या चपलांशिवाय काही दिसलं नाही. बऱ्याच वेळानं शंख वाजला. जागा स्वच्छ होती.

"लागलं!" महाराज गरजले. "पापाची सावली गेली अन् पानी आलं!"

चतुराबाईंच्या डोळ्यांना धार लागली. खुशालराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "झालं समाधान, डॉक्टर?" विपुल विहिरीच्या काठावर जाऊन एकटाच बसला. बोअरची मशीन बागेबाहेर येऊन उभी राहिली.

दोन वाजता शाळेच्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज पहिल्या रांगेत खुर्चीवर, गळ्यात झेंडूचा हार. नंदी बाहेर पटांगणात बांधलेला. इफ्फतनं टीव्हीला वायर जोडली.

पडद्यावर आधी घुंगरं वाजली. मग खालीवर हलणारी वाट, दोन्ही बाजूंना हात जोडलेली माणसं. "आमी दिसून राहिलो पाहा!" म्हणत लोक खूश झाले. मग एका बाजूनं महाराजांची दाढी पडद्यावर आली, इतकी मोठी की पोरं किंचाळली. आता मंत्र ऐकू येणार म्हणून सगळे शांत झाले. महाराजांनी स्वतः डोळे मिटून घेतले.

टीव्हीतून महाराजांचा आवाज आला, अगदी साफ. "चाल ना बे भुक्कडा. थे पाहा समोर पडली तुही ढेप. मागच्या डावासारखी इज्जत काढशीन तं आज रात्रीही उपाशी ठेवीन, सांगून ठेवतो."

महाराजांनी डोळे उघडले.

पडद्यावर जमीन जवळ आली. राखेखाली पिवळट-तपकिरी तुकडे. मग एक जीभ आली, पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फराटे मारत, राख बाजूला सारत ती सगळं गोळा करू लागली. चघळण्याचा आवाज घुमत होता. आणि दोन्ही बाजूंना, बैलाच्या नजरेच्या कडांना, आमचं अख्खं गाव दिसत होतं. टोप्या, टकलं, पदर, सगळी मातीत खुपसलेली. मध्ये बैल निवांत जेवत होता.

"अबे, हे तं सरकीची ढेप होय!" नत्थुजी उठून उभे राहिले.

शेतकऱ्यांनी भरलेला वर्ग होता तो. देवधर्मात कोणी त्यांना फसवील, पण ढेप ओळखण्यात नाही. एकदम गलका झाला. महाराज खुर्चीवर चढले. "तो प्रसाद होय! नंदी पाताळाचा प्रसाद ग्रहन करून राहिला!"

"मग पाताळात तेलघाणी आहे म्हणायची," मी म्हणालो. गर्दीत तोंड उघडायची ती माझी पहिली वेळ. "वाद कशाला? बैल बाहेर आहे. चला."

पटांगणात एक हातपंप आहे. दोन वर्षांपासून त्याला थेंब नाही, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत. मी खिशातून मूठभर ढेप काढून पंपाच्या ओट्याजवळ टाकली आणि नंदीचा दोर सोडला. नंदी सरळ तिथं गेला, थांबला, मान खाली घातली, पाताळाला कान लावला. या वेळी कोणीही वाकलं नाही. सगळे उभं राहून उघड्या डोळ्यांनी त्याचं खाणं पाहत होते. मग मी थोडी ढेप टेम्पोच्या चाकाजवळ टाकली. नंदीला तिथंही पाणी दिसलं.

चेल्यानं तेवढ्यात मोटारसायकल चालू केली होती. महाराज मागं बसले, हार तसाच गळ्यात. लोक अंगावर धावून जायला निघाले तेव्हा सरपंचांनी आणि मी आडवे हात केले. मारून काय होणार होतं? उद्या ते दुसऱ्या गावी हुतात्मा म्हणून गेले असते. आम्ही चित्रण घेऊन पोलिसांकडे तक्रार दिली, ते जास्त कामाचं. मशीन आली तशी परत गेली. बैल मात्र मागं राहिला. त्याला मी तीन दिवस बेतानं खायला घातलं. सगळ्या भानगडीत खरं वागणारा तो एकटाच होता. भूक लागली होती, त्यानं खाल्लं.

गाव शहाणं झालं, असं इथं लिहून टाकायचा मोह होतो. पण त्याच संध्याकाळी इफ्फतच्या अंगणात रांग लागली. एका आजीनं कॅमेऱ्याला कुंकू लावलं. नत्थुजी म्हणाले, "पोरी, तुही डबी लय पावरची हाय. माह्या हिरीत सोडून पाय बरं, पानी कुठं हाय सांगते का?"

इफ्फतनं ओढणीच्या टोकानं कुंकू पुसलं. "चाचा, हा फकत डोळा आहे. डोक्स तुमालेच लावा लागन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुशालराव माझ्याकडे आले. "डॉक्टर, संगं चाला. माह्याच्यानं एकट्यानं होत नाही." खुशालराव, विपुल, सीमा, इफ्फत आणि मी, अकोल्याला उतरून ऑटोनं कौशल्याच्या माहेरी पोचलो. सीमा आईला जी चिकटली ती सुटेना. खुशालरावांनी खाली मान घालून सांगितलं, की सगळं उघडकीला आलं, ढेप होती, आम्ही टीव्हीवर पाहिलं. "आता घरी चाल," ते म्हणाले.

कौशल्यानं सीमेला कडेवर घेतलं. रडली नाही.

"मामाजी, थ्या दिवशी मी तुमच्यापासून दोन हातावर उभी होती," ती म्हणाली. "सांगून राहिली होती. नऊ वर्षं झाले तुमच्या घरात. तुमी बैलाचं मानलं. आता बैलाच्या कपाळावरच्या डबीचं मानलं. ढेप म्या येचली होती, मामाजी, माह्या हातानं. मले एक डाव इचारलं असतं तं टीव्ही लावाची गरजच नव्हती."

विपुल म्हणाला, "चुकलं आमचं." अकरा दिवसांत मी ऐकलेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"तुमचं चुकलं म्हनून मी येनार नाही," ती म्हणाली. "मी येईन, पन थ्याच गोठ्यात, थ्याच लोकायसमोर, मले जे सांगाचं होतं थे मी पूर्न सांगीन. आत्याबाईनंही ऐकलं पायजे. मधात कोनी चूप म्हनायचं नाही."

मी तिथं उभा होतो आणि मला माझंच वागणं आठवत होतं. बैल उपाशी आहे हे मला पहिल्याच मिनिटाला दिसलं होतं, आणि ते मी एका माणसाच्या कानात सांगून मोकळा झालो होतो. म्हणून आता मोठ्यानं सांगतो. चमत्कार पाहायला जाल, तेव्हा डोळे मिटायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. नेमकं त्याच वेळी डोळे उघडे ठेवा. किती जागी पाणी लागलं हे विचारताना किती जागी लागलं नाही हेही विचारा. आणि कोणाच्या पायगुणावर बोट ठेवलं गेलं, तर आधी त्या माणसाला बोलू द्या. त्यासाठी कॅमेरा लागत नाही.

परत आल्यावर गोठ्यात गर्दी जमली, तेवढीच, दोनशेची. चतुराबाई गव्हाणीला टेकून उभ्या राहिल्या. खुशालरावांनी डोक्यावरची टोपी काढली, सुनेसमोर खाली बसले आणि म्हणाले, "सांग माय. थ्या दिवशी काय झालं होतं?"